पित्ताची गोळी मागताना

आमच्या वस्तीत दवाखान्यापेक्षा मेडिकलच्या दुकानाला मान जास्त. कारण उघड आहे. दवाखान्यात गेले की कामाचा खाडा पडतो, वर डॉक्टरांची फी. मेडिकलवाला उभ्या उभ्या गोळी देतो. छातीत जळजळले, आंबट ढेकर आली, की "एक पित्ताची द्या" एवढेच बोलायचे. कोणती, किती, केव्हा, हे घेणारा विचारत नाही आणि देणारा सांगत नाही.

पित्ताची सगळी औषधे सारखी नसतात. बाटलीतले पातळ औषध पोटात असलेले आम्ल मारते. आराम लगेच पडतो, पण फार वेळ टिकत नाही. ते बाटली हलवून, जेवणानंतर घ्यावे. लोहाच्या किंवा क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर मध्ये दोन तासांचे अंतर हवे, नाहीतर त्या गोळ्या अंगी लागत नाहीत. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांचे काम निराळे. त्या आम्ल तयार होणेच रोखतात, आणि पूर्ण गुण यायला दोन-चार दिवस लागतात. नेहमीचा डोस ओमेप्राझोल 20 किंवा पँटोप्राझोल 40 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी. गोळी चावायची नाही, कुटायची नाही. आम्लात औषध नासू नये म्हणून तिच्यावर आवरण असते. जळजळ थांबेना म्हणून तासाभरात दुसरी घेणारे आम्ही पुष्कळ पाहतो. त्यांना वाटते गोळी कमी पडली. खरे तर तिला वेळच मिळालेला नसतो. रात्रपाळीवाल्यांची पंचाईत वेगळीच, त्यांची सकाळ दुपारी उगवते. त्यांनी वेळ डॉक्टरांनाच विचारावी.

आमचे मामा सफाई कामगार. गुडघ्यांसाठी रोज दुखण्याची गोळी, ती पोटाला लागते म्हणून पित्ताची गोळी, असे चार वर्षे चालले. चिठ्ठी कोणाचीच नाही. एके दिवशी डांबरासारखी काळी संडास झाली आणि ते मोरीतच चक्कर येऊन पडले. दोन बाटल्या रक्त चढवावे लागले. दुर्बिणीतून जठरात व्रण दिसला, आणि तपासणीत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही सापडला. व्रण तिखटाने होतो असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण या जंतूचा आणि व्रणाचा संबंध दाखवल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना 2005 साली नोबेल मिळाले. अशा वेळी जंतू मारणारी औषधेही जोडीला लागतात. नुसती पित्ताची गोळी दुखणे झाकते, जंतू तसाच राहतो.

साधारण चार ते आठ आठवड्यांचा कोर्स असतो. वर्षानुवर्षे घेतल्यास बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते. मात्र डॉक्टरांनी सांगून चालू असलेली गोळी हे वाचून कोणी बंद करू नये. एकदम सोडली तर आम्ल उलट उसळते.

वर्षावासात उपोसथाला अष्टशील घेणाऱ्या आमच्या काही माता-भगिनी दुपारनंतर गोळीही टाळतात. भिक्खूंच्या चार गरजांत चीवर, पिंडपात, सेनासन यांच्याबरोबर औषधही मोजले आहे, मग उपासिकेने ते का टाळावे?

आणि छातीतले दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात उतरत असेल, दरदरून घाम येत असेल, तर तो गॅस समजून पातळ औषध पाजत बसू नये. रिक्षा बोलवावी.