मेलेलं झाड पाटावर

बाईंच्या अंगणात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बोन्सायचं प्रात्यक्षिक असे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चाळिशी गाठली होती आणि झाडांतलं मला काही कळत नव्हतं. बाईंनी फिरत्या पाटावर नर्सरीतलं नांदरुकाचं झाड ठेवलं आणि बराच वेळ कात्री उचललीच नाही. बोटांनी वरची माती सारत राहिल्या. मुळं खोडातून कुठून फुटलीत ते दिसल्याशिवाय झाडाची दर्शनी बाजू ठरत नाही, असं त्या म्हणाल्या. मला तो वेळकाढूपणा वाटला. मी कात्रीची वाट बघत होतो.

मग छाटणी झाली. पांढरा चीक ओल्या फडक्यानं टिपला गेला. फांदीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढ्या जाडीची अ‍ॅल्युमिनियमची तार 45 अंशांच्या तिरकस वेढ्यांनी फांदीवर चढली. दोन तासांत त्या रोपाला गावच्या पारावरल्या वडाची ऐट आली.

मी त्याच आठवड्यात घरी सगळं करून पाहिलं, तेही एका दिवसात. छाटलं, तार गुंडाळली, अर्धी मुळं कापली आणि बागेतल्या चिकट काळ्या मातीत, उथळ कुंडीत झाड बसवलं. एप्रिल होता, म्हणून रोज दोनदा पाणी घातलं. महिन्याभरात झाड गेलं. बाईंनी विचारलं तेव्हा मी ‘छान आहे’ म्हणालो. हे खोटं मला दोन महिने पुरलं.

शेवटी कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘कुंडी आहे तशी घेऊन या.’’

पुढच्या रविवारी पाटावर माझं मेलेलं झाड होतं. ते कुणाचं, हे बाईंनी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी ते उपटून दाखवलं. मुळं काळी, लिबलिबीत, वास मारणारी. मग शेजारी एका कुंडीत त्यांचं मिश्रण ठेवलं: विटेचे बारीक तुकडे, जाड वाळू, थोडं शेणखत, आणि त्यातली भुकटी चाळून काढलेली. दोन्ही कुंड्यांत तांब्याभर पाणी ओतलं. एकीतून ते लगेच खाली गेलं. माझ्या कुंडीत तळं साचलं. मी मागच्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो, पण मुळांनाही हवा लागते हे मला त्या दिवशी समजलं.

त्यानंतर बाई जे बोलल्या ते मी विसरलेलो नाही. ‘‘चूक माझीही आहे. तुम्हाला माझे दोन तास दिसतात. त्याआधीची आणि नंतरची वर्षं मी दाखवतच नाही.’’ त्या महिन्यापासून जुनी प्रात्यक्षिकाची झाडं त्या पुन्हा पाटावर आणू लागल्या. तार वेळेवर न काढल्यानं सालीत रुतलेली, वाळलेल्या फांदीची, सगळी. जॉन नाका यांच्याबद्दल त्या आदरानं सांगत. देशोदेशी प्रात्यक्षिकं करणारा हा माणूस. त्यांचं ‘गोशिन’ हे जुनिपरचं वन आज वॉशिंग्टनला आहे. 1948 साली त्यांनी त्याची सुरुवात केली आणि 1984 साली ते तिथल्या संग्रहालयाला दिलं. अकरा झाडं, प्रत्येक नातवंडासाठी एक. बाई त्यातली सालं दोनदा उच्चारत.

पुढे त्यांचे हात थरथरू लागले आणि एका रविवारी त्यांनी पाट माझ्याकडे सरकवला. मी घाईनं कात्री उचलली. ‘‘आधी माती,’’ त्या हळूच म्हणाल्या. आजही नव्या माणसांसमोर उभा राहिलो की माझा हात आधी मातीकडे जातो. माझ्या हातून जी काही झाडं जगली, ती त्या दोन शब्दांमुळे.

प्रात्यक्षिकं करणाऱ्या माझ्या सोबत्यांना एक विनंती आहे. मागच्या वर्षीचं झाड पुन्हा पाटावर आणा. ते मेलेलं असलं तरी आणा.