पाण्याबाहेरचा समास

महाडहून रायगडाकडे जाताना लागणारे नाते हे चिंतामणराव देशमुखांचे जन्मगाव. त्यांचा ‘मेघदूता’चा मराठी अनुवाद आम्ही याच परिसरात हाती पेन्सिल घेऊन वाचला. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुरात महाड बुडाले. आमची पुस्तके गेली, समासांतली टिपणेही गेली.

आता आम्ही टॅब्लेटवर वाचतो. स्कॅन केलेले जुने पान यंत्राच्या लेखी पुष्कळदा निव्वळ चित्र. त्यातला शब्द निवडता येत नाही, चित्रावरच स्टायलसने लिहावे लागते. त्याची प्रत दूरच्या संगणकावर राहते, तिला सावित्रीचे भय नाही. परंतु ग्रंथालयातल्या प्रतीत पूर्वीच्या वाचकाचे प्रश्नचिन्ह अवचित भेटे आणि आम्ही त्याच्याशी वाद घालीत असू. खासगी खात्यातले टिपण कुणाला भेटणार? म्हणून टिपणांसह पाने आम्ही विद्यार्थ्यांना पाठवतो. नुसते सुरक्षित राहिलेले टिपण हे अद्याप निम्मेच वाचलेले असते.