मुद्रेवरील मासा

आमच्या शिवाजी पेठेंतून पंचगंगेकडे निघालें म्हणजे नदीकांठीं ब्रह्मपुरीची टेकडी लागते. १९४५-४६ सालीं डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं तेथें उत्खनन केलें. सातवाहनकालीन अवशेषांबरोबर ब्रह्मपुरींत रोमन कांशाच्या वस्तूही मिळाल्या आहेत. त्यांतील समुद्रदेव पोसायडन याची चिमुकली मूर्ति टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयांत आहे. ती पाहतांना सहज मनांत येतें कीं, तिकडून हें आलें, तर इकडून काय गेलें?

मिरीं गेलीं, तलम वस्त्रें गेलीं, तसे दगडही गेले. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकांतील ग्रीक ग्रंथांत पैठणाहून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांतून भडोच बंदरीं नेत, असें लिहिलें आहे. तांबड्या अकीकास मेण चिकटत नाहीं, म्हणून मुद्रेस तो फार सोयीचा. कुरुंदाची पूड व तेल घालून सामत्यानें त्यावर चित्र उलटें आणि खोलगट कोरावयाचें, म्हणजे मेणावर तें सुलटें व उठावदार उमटतें.

असल्या अंगठीवर काय कोरावें, हा प्रश्न त्या काळच्या ख्रिस्ती गृहस्थांस पडला होता. इ. स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट नामक आचार्यानें त्याचा ऊहापोह केला आहे. स्त्रियांनीं सोन्याची अंगठी घालावी, पण ती मिरविण्यासाठीं नव्हे. घरांतील जपून ठेवावयाच्या जिनसांवर मोहोर करण्यासाठीं. (येथें कोणास आजीच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा आठवल्यास नवल नाहीं.) मुद्रेवर देवमूर्ति नको, तरवार वा धनुष्य नको, मद्याचा पेला नको, कबूतर, मासा, वाऱ्यावर चाललेलें गलबत, वीणा, गलबताचा नांगर हीं चालतील.

छळाच्या भयानें धर्म लपविण्याची ही युक्ति होती, असें कित्येक म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. क्लेमेंट लपविण्याची गोष्टच काढीत नाहीं. ज्या छापानें घरचा शब्द बाहेर जातो, तो घरच्या आचारास शोभावा, एवढाच त्याचा आग्रह.

पुढें तिसऱ्या-चौथ्या शतकांत या नखाएवढ्या दगडांवर बायबलांतील प्रसंग आले: मेंढरूं खांद्यावर घेतलेला मेंढपाळ, माशाच्या पोटांतून तीन दिवसांनीं सुटलेला योना. शंबरासुरानें समुद्रांत फेंकलेला प्रद्युम्न माशाच्याच उदरांतून परत आला, ही भागवतांतील कथा ज्या घरांत ठाऊक आहे तेथें योना परका वाटूं नये. शाकुंतलांत तर राजाची नाममुद्रा, मासा आणि कोळी हीं तिन्ही एके ठिकाणीं आलीं आहेत!

रुमानियांतील कोन्स्टांझा येथें सांपडलेला असाच एक तांबडा अकीक लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. तो चौथ्या शतकाच्या मध्याचा मानतात. दीड सेंटिमीटरहून लहान जागेंत क्रूसावरील येशू, दोहों बाजूंस बारा शिष्य, आणि वर पांच ग्रीक अक्षरें. त्यांचा शब्द होतो ‘मासा’; आणि तींच ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारक’ या ग्रीक शब्दांचीं आद्याक्षरें होत. रोमन साम्राज्यांत ३१३ सालीं ख्रिस्ती धर्मास मोकळीक मिळाली होती. येशूचें नांव उघड कोरण्यास कोणाची आडकाठी नव्हती. तरी त्या कारागिरानें मासा सोडला नाहीं.