उचंत खाते

आमचे घर पावसाळ्यात दर रविवारी सकाळी साडेदहा वाजता अत्यंत स्वच्छ असते. ज्यांचा विश्वास बसत नसेल त्यांनी खुशाल येऊन पाहावे. मात्र दहाला येऊ नये, आणि सोमवारी तर मुळीच येऊ नये.

मी पौडला राहतो, म्हणजे मुळशी तालुक्यात. इथला पाऊस एकदा जूनमध्ये मुक्कामाला आला की चपलांना बुरशी येते, मिठाला पाणी सुटते आणि दोरीवरचे ओले कपडे इतके दिवस घरात लोंबतात की रेशनकार्डावर त्यांचीही नावे घालावीशी वाटतात. नेमक्या याच दिवसांत पुण्याच्या नातेवाइकांना ताम्हिणीचे धबधबे आठवतात, आणि वाटेवर असल्यामुळे आम्हीही. "सहज डोकावतो हं, चहासुद्धा ठेवू नका," असा फोन आला की आमच्या घरात चैतन्य संचारते. एरवी जागचा न हलणारा मी खुर्चीवर चढून पंखा पुसतो.

पाहुणा येणार नसेल तर माणूस घर का आवरतो, हे मला आजवर उमगलेले नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. धूळ पुसणे हा मला उघड तोट्याचा व्यवहार वाटतो. आज पुसावी, उद्या मुद्दल जसेच्या तसे! आमच्या बँकेतसुद्धा तपासणीची कुणकुण लागेपर्यंत कपाटाच्या माथ्यावर कुणी हात फिरवीत नाही. बायको पिरंगुटला एका कारखान्याच्या ऑफिसात. दोघे सात वाजता दमून येतो आणि पसाऱ्यातच जागा करून चहा पितो.

तसा आमचा तालुका या बाबतीत मोठा भाग्यवान. 1921 साली इथे धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला आणि त्याच लढ्यात पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. हा माणूस त्याआधी पारनेरला स्वतः झाडू घेऊन गाव झाडीत असे. आख्खे गाव! आणि तेही कुणाचे मेहुणे येणार होते म्हणून नव्हे. पुढे धरण झाले, गावे पाण्याखाली गेली, बापटांच्या नावाचा पुण्यात रस्ता झाला. त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन, पण झाडूची आठवण एकदाही झाली नाही. सिग्नल लवकर सुटावा एवढेच मनात.

तर आमची रविवारची पद्धत. बँकेत जी रक्कम कुठे टाकावी ते कळत नाही, ती तात्पुरती उचंत खात्यात टाकतात. आमच्या घरी आतली खोली हे उचंत खाते. रद्दी, छत्र्या, ओले टॉवेल, मुलाची बॅट, नादुरुस्त मिक्सर, सगळे आत लोटायचे आणि दार ओढून घ्यायचे. बँकेत अशा नोंदी फार दिवस राहिल्या तर वरून पत्र येते. घरी पत्र कोण पाठवणार? त्या खोलीत फक्त आई असे, आणि आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"आवरलंय ना रे सगळं?" ती विचारी.

"आरशासारखं!" मी सांगे.

दोन वर्षे मी हे सांगत होतो.

गेल्या डिसेंबरात तिच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून डॉक्टर म्हणाले, "आजी, आता सगळं लख्ख दिसेल." आई हसली. माझ्या पोटात गोळा आला. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत आम्ही दोघे आतली खोली उपसत होतो. तरी निम्मीच झाली होती.

काळा चष्मा लावून आई खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली. सावकाश चारी बाजूंना पाहून म्हणाली, "वरची जळमटं राहिली तेवढी."

"आई, ते... या पावसाळ्यात जरा..." मी.

"अरे, मला दिसत नव्हतं, पण तळपायांना कळायचं की! खाटेपासून मोरीपर्यंत कशी जायचे ते माझं मला ठाऊक. त्या मिक्सरला दोनदा अडखळले."

"मग बोलली का नाहीस?"

"दोघं दमून येता. त्यातून तू आरसा म्हणायचास. म्हटलं, असू दे."

बायको काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. मी स्टूल आणून जळमटे काढू लागलो. आईला महिनाभर वाकायची बंदी होती. त्यामुळे ती खुर्चीवर बसून काठीने कोपरे दाखवीत होती, आणि तिला कोपरे फारच दिसत होते.

हल्ली रात्री निजण्यापूर्वी मी घरातल्या सपाता काढतो, दिवा घालवतो आणि आईच्या खाटेपासून मोरीपर्यंत अनवाणी एक फेरी मारतो. पहिल्या रात्री साखर लागली. नंतर मुलाची गोटी. परवा एक टाचणी टोचली. दिवा लावून पाहिले, तर बँकेची होती.