गोंदेश्वरापुढे ३६ फोटो

नाशिकहून पुण्याच्या रस्त्याने सुमारे ३० किलोमीटरवर सिन्नर आहे. तेथील गोंदेश्वराचे यादवकालीन देऊळ पाहायला जाल तेव्हा घरात जुना रोलचा कॅमेरा असेल तर तोच घ्या. पिकांवरील रोगांचे फोटो मी डिजिटलवरच काढतो. त्या कामाला तो उत्तम. पण देवळापुढे त्याने शंभर फोटो निघतात आणि पाहणे राहून जाते.

रोलमध्ये फोटो ३६च. म्हणून आधी एक फेरी मारावी लागते. मधे महादेव, चार कोपऱ्यांना पार्वती, गणपती, सूर्य व विष्णू यांची लहान देवळे, समोर नंदी. शिल्पे जागोजागी झिजली आहेत, तेव्हा जवळ जाऊन पाहा. देऊळ पूर्वाभिमुख, सकाळच्या तिरप्या उन्हात नक्षी उठून दिसते. दगड काळा असल्याने मीटर फसते व फोटोत तो राखाडी येतो. म्हणून मीटर सांगेल त्याहून थोडा कमी उजेड द्यावा.

रोल घेताना बियाण्याच्या पिशवीसारखी मुदत वाचा, तापलेल्या गाडीत तो ठेवू नका. माझा रोल अजून धुऊन यायचा आहे. सूर्याच्या देवळाचे दोन फोटो त्यात आहेत.