भिंतीपासून चार इंच

भाऊबीज झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडई नावाची जत्रा भरते आणि रात्रीची नाटकं सुरू होतात. धान निघून मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप, बाजूंना कापडी कनाती, समोर हजारोंनी बसलेली माणसं. तिथं वाजलेली ढोलकी कानावर एकदाच पडते, कारण आवाज परत फिरवायला भिंत नसते. वडसा हे या रंगभूमीचं ठाणं. 2023 मध्ये इथले रंगकर्मी परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या पुष्कळांनी झाडीपट्टीचं नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. इथल्या माणसाचे कान मात्र पिढ्यान्‌पिढ्या अशा स्वच्छ आवाजावर घडलेले आहेत.

हाच माणूस नवं घर बांधतो, हौसेनं स्पीकर आणतो, आणि आठवड्याभरात माझ्याकडे येतो. चंद्रपूर-गडचिरोलीत गाणं ऐकायच्या खोल्या नीट करून देणं हे माझं काम. तक्रार बहुधा एकच असते. दुकानात गोड वाजणारा संच घरी कल्ला करतो, गाण्याचे शब्द कळत नाहीत, डग्गा एका कोपऱ्यात घुमतो आणि सोफ्यावर ऐकूच येत नाही. मग अॅम्प्लिफायर बदलला जातो, वायरी बदलल्या जातात. पैसा तिथं घालवण्याआधी खोली पाहायला हवी.

जुन्या घरात ही अडचण नव्हती. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, त्याखाली बांबूचे तट्टे, कोपऱ्यात धानाची ढोली, खुंट्यांवर कपडे, वळकट्या. सारवलेली जमीन आवाज फारसा शोषत नसे. खरं काम छप्पर करत असे. कवेलूंच्या फटींतून बराच आवाज बाहेर जाई आणि उरलेला तट्ट्यांत, ढोलीच्या गोलाईवर विखुरला जाई. आता राखेच्या विटा, वर सिमेंटचा घोटीव गिलावा, खाली चकचकीत टाइल, डोक्यावर स्लॅब, एका बाजूला काच. सहाही बाजू टणक आणि समोरासमोरच्या एकमेकींना समांतर.

अशा खोलीत आवाज किती वेळ घुमतो, याचा हिशेब करता येतो. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात बोलणं कळत नाही म्हणून वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणून, एकेक वाढवत, आवाज विरायला किती वेळ लागतो ते त्यानं मोजलं. त्यातून निघालेलं सूत्र आजही आम्ही वापरतो: खोलीच्या घनफळाला 0.161 नं गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणानं भागा. मापं मीटरमध्ये, उत्तर सेकंदांत. आपली 12 बाय 15 फुटांची, 10 फूट उंच खोली घ्या. घनफळ 51 घनमीटर. सगळे पृष्ठभाग मिळून 84 चौरस मीटर, आणि ते पडलेल्या आवाजाचा जेमतेम चार टक्के भाग शोषतात. उत्तर येतं जवळजवळ अडीच सेकंद. सोफा आणला, दोन माणसं बसली, तरी सव्वा-दीड सेकंद. द्रुत लयीतल्या तानेत तेवढ्या वेळात कितीतरी स्वर येऊन जातात, आणि ते सगळे एकमेकांवर चढतात. गाणं ऐकायला हा विरण्याचा काळ, म्हणजे निनाद, अर्ध्या सेकंदाच्या आसपास बरा.

तो खाली आणायला आवाज शोषणारी पॅनेलं लागतात, आणि ती घरी करता येतात. शहरातून येणारा त्रिकोणी खाचांचा काळा फोम मी लावत नाही. तो दोन इंचांचा असतो, गोंदानं थेट भिंतीला चिकटवतात आणि मे महिन्यात गोंद सैल पडून तुकडे खाली येतात. पेटला तर विषारी धूर होतो, ही त्याहून गंभीर गोष्ट. अंड्यांच्या ट्रेनं तर भिंत फक्त झाकली जाते. पातळ फोम झांजांची चमक खातो आणि खर्ज जसाच्या तसा ठेवतो, म्हणून खोली आणखी बोदड वाटू लागते.

याचं कारण समजून घेणं हेच या कामाचं मर्म आहे. लोकरीसारखा पदार्थ आवाज शोषतो तो त्यातून हवा पुढेमागे हलते म्हणून; धाग्यांशी घासून तिची शक्ती उष्णतेत जाते. अगदी भिंतीपाशी हवा हलूच शकत नाही, तिथं फक्त दाब वाढतो-कमी होतो. हवेची हालचाल सर्वांत जास्त असते ती भिंतीपासून तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शावर. काळी एकचा षड्ज साधारण 139 हर्ट्झचा. त्याची तरंगलांबी अडीच मीटर, म्हणजे चौथा हिस्सा 62 सेंटीमीटर. तार षड्जाचा 31, त्याच्याही वरच्या षड्जाचा साडेपंधरा. भिंतीला चिकटलेला दोन इंची फोम यांतल्या कुठल्याच जागी पोचत नाही. पण चार इंच जाड पॅनेल भिंतीपासून चार इंच पुढे टांगलं, तर त्याचा पुढचा भाग 20 सेंटीमीटरवर येतो आणि तार सप्तकाचा बराचसा भाग त्याच्या आवाक्यात येतो. भरण तेवढंच राहतं, वाढते ती फक्त पोकळी. हवेला पैसे पडत नाहीत.

या जिल्ह्यांत पोकळी दुसऱ्याही कारणासाठी हवी. पावसाळ्यात इथल्या बाहेरच्या भिंती ओल धरतात. उन्हाळ्यात पारा 45च्या वर जातो तेव्हा खिडकीतला कूलर दिवसभर दमट हवा आत ढकलतो. भिंतीला टेकलेल्या कापसाला किंवा कापडाला ऑगस्टपर्यंत बुरशी येते आणि मागून उधई कधी चढली ते कळतही नाही. चार इंचांच्या फटीत वारा खेळतो, बॅटरी लावून मागे बघता येतं, उधईची मातीची नळी दिसली तर तिथंच मोडता येते. ध्वनिशास्त्र आणि झाडीपट्टीचा पाऊस एकच गोष्ट मागतात, हे मला या कामातलं फार मोठं भाग्य वाटतं.

भरणासाठी माझी पहिली पसंती रॉकवूल. बेसाल्टसारखा दगड वितळवून त्याचे धागे काढतात. ते जळत नाही, कुजत नाही, उधई खात नाही. औष्णिक वीज केंद्रांत बॉयलर आणि वाफेचे नळ अशाच खनिज लोकरीनं गुंडाळतात, त्यामुळे चंद्रपुरात हे सामान ओळखणारे कारागीर भेटतात. घनमीटरला 48 किलो घनतेच्या दोन इंची दोन पाट्या एकावर एक ठेवायच्या. हातमोजे आणि मास्क लावल्याशिवाय रॉकवूलला हात लावू नये. धागे उडू नयेत म्हणून आत पातळ अस्तर घालावं. रॉकवूल नको असेल तर पिंजलेला कापूसही उत्तम शोषतो. फक्त त्याला टाकणखार आणि बोरिक आम्लाचं द्रावण मारून कडक उन्हात वाळवायला हवं. त्यानं कीड आणि आग दोन्हींना आळा बसतो. बांबू टिकवायलाही हेच द्रावण वापरतात. तणस मात्र घरात भरू नये. शोषते चांगली, पण उंदीर आणि ठिणगी दोन्हींना बोलावते.

चौकट चार बाय दोन फुटांची, चार इंच रुंद सागवानी फळीची. आरागिरणीवर उरलेल्या पट्ट्या मिळतात, त्या पुरतात. कापड मांजरपाट किंवा सैल विणीची खादी. निवडताना तोंडाशी धरून फुंकर मारावी. पलीकडे हाताला वारा लागला पाहिजे. आरमोरी-नागभीडकडच्या कोसा रेशमाचा मोह अनेकांना होतो. सैल विणीचा असेल तर तोही चालतो. रेक्झिन किंवा ऑइलपेंट केलेलं कापड लावलं की पॅनेलची पुन्हा भिंत झाली.

मागच्या चार कोपऱ्यांना मानवेल बांबूचे चार इंची तुकडे. मानवेल जवळजवळ भरीव असतो, स्क्रू घट्ट धरतो. पॅनेलचं वजन आठ किलोंच्या आसपास होतं. दोन चांगले हुक पुरतात, पण ते गिलाव्यात न अडकता विटेत खोल गेले पाहिजेत.

अशी बारा पॅनेलं हिशेबात घेतलेल्या 12 बाय 15च्या खोलीत टांगली की निनाद अर्ध्या सेकंदाच्या जरा वर येतो. जागा ठरवायला आरसा लागतो. ऐकणाऱ्यानं आपल्या जागी बसावं, दुसऱ्यानं बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. जिथं आरशात स्पीकर दिसेल तिथं पॅनेल. स्पीकर आणि ऐकणारा यांच्या मधोमध छतालाही दोन हवीत, आणि ती हुकावर न सोडता साखळीनं चारही कोपऱ्यांत बांधावीत. उरलेल्यांतली निम्मी खोलीच्या कोपऱ्यांत तिरपी, जमिनीपासून वरपर्यंत. 15 फुटांच्या लांबीला साडेसदतीस आणि 75 हर्ट्झला खोली स्वतःच घुमते. तो डग्गा कोपऱ्यांतच जमा होतो. तिथं जितकी जाडी द्याल तितकी कमी. जुन्या गाद्यांची गुंडाळी उभी केली तरी फरक कळतो.

पॅनेलं लावली म्हणजे रस्त्यावरच्या कोळशाच्या ट्रकचा आवाज थांबेल, ही अपेक्षा मी पहिल्याच भेटीत मोडून काढतो. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं: जाड भिंत, घट्ट बसणारं दार, खिडकीची बुजवलेली फट. पॅनेल फक्त आतला आवाज आवरतं.

पारख करायला मी मोबाइलवरच्या अॅपच्या आधी खंजिरी काढतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे ती इकडे घरोघरी आहे. खोलीच्या मधोमध एकच थाप मारायची. मोकळ्या खोलीत झांजांमागे भिंतीभिंतींतून फर्रर्र असा आवाज धावतो. पॅनेलं योग्य जागी आली की तो तुटतो. तुटला की मी थांबतो. मागची भिंत पूर्ण झाकायचा आग्रह काही जण धरतात, तिथं मी पुस्तकांची मांडणी सुचवतो. कमी-जास्त रुंदीची पुस्तकं आवाज मारत नाहीत, पसरवतात, आणि तंबोऱ्याला तेवढा पसारा लागतो.