वर्षातून दोनदा छाटणी?

ऱ्हाइनच्या काठच्या गायझेनहाइममध्ये ऐन जानेवारीत आमचे घरमालक आजोबा रोज सकाळी मला खिडक्या सताड उघडायला लावत. बाहेर हिमाचा थर, आणि हे म्हणणार, पाच मिनिटं वारा खेळू दे! दमट हवा कोंडली की भिंतींना बुरशी धरते, म्हणून जर्मनीत हा शिरस्ताच आहे. कित्येक भाडेकरारांत तो लिहिलेलाही असतो. आजोबा ऐंशीच्या घरातले, अबोल. दुपारी आणि रविवारी घरात खुट्ट झालेलं त्यांना खपत नसे.

ओळख झाली ती द्राक्षामुळे. पुण्याजवळच्या मांजरीचं नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पण तिथं १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे म्हटल्यावर त्यांनी कोट चढवला आणि मला थेट मागच्या उतारावरच्या बागेत नेलं. आपल्याकडे जानेवारीत घडांत गोडी उतरू लागलेली असते. इथं एकाही वेलीवर पान नव्हतं. काळीठिक्कर खोडं, बुंध्याशी हिम. ही मेली असावीत, असंच मला वाटलं. आजोबांनी कात्री काढली, प्रत्येक वेलीवर एकच लांब काडी राखली, बाकी सगळं सपासप उडवलं. ती काडी तारेवर वाकवून बांधायची मार्चमध्ये, रस चढल्यावर; थंडीत ती मोडते.

मी सांगितलं, आमच्याकडे एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी. त्यांची कात्री थांबली.

"वर्षातून दोनदा? मग वेल झोपते कधी?"

झोपतच नाही! एप्रिलनंतरच्या काडीत डोळ्यांच्या आत घड तयार होतो, ऑक्टोबरनंतर तो बाहेर येतो. कडक हिवाळा नसल्यानं डोळे एकसारखे फुटत नाहीत, म्हणून छाटल्यावर काडीला हायड्रोजन सायनामाइड लावावं लागतं. हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. शेवटी म्हणाले, "बिचारी वेल."

मग तळघरातला पाठीवरचा तांब्याचा जुना पंप दाखवला. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण ते त्यातून फवारत. केवडा रोगावर आपला शेतकरीही तेच मारतो! त्या दिवसापासून आजोबा बोलू लागले. गावातली द्राक्षशाळा १८७२ ची, म्युलर-थुरगाऊ जातीचा संकर तिथंच १८८२ मध्ये झाला, हे सारं त्यांनी मला बागेत चालता चालता सांगितलं.

तिकडे शिकायला जाणाऱ्यांनी एखाद्या जुन्या बागायतदाराच्या घरी खोली जरूर विचारावी. जाताना आपल्या बागांची माहिती मात्र नीट घेऊन जावी. ही माणसं खोदून खोदून विचारतात.